कोयत्यांची मोजणी

काळदऱ्याच्या डोंगराला बोडखा म्हणतात. नाव पडलं तेव्हा ते शोभतही होतं. मुरूम, खडक आणि मधूनच एखादं घाणेरीचं झुडूप, याच्यापलीकडे त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. आता तिथं सीताफळांची एवढी दाटी आहे की चुकलेली शेळी शोधायला अख्खी दुपार जाते. पण गावानं एकदा ठेवलेलं नाव गाव बदलत नाही. तुम्ही सुधारलात तर तुमचं नशीब, नाव जुनंच राहणार.

ही झाडं लावली बायांनी. पाटोद्याच्या या टापूत दिवाळी झाली की निम्मं गाव घराला कुलूप घालून ऊसतोडीला जातं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि ती कुलपं. त्या कुलपांकडे बघून वैतागलेल्या दगडाबाईनं एका साली हुकूम काढला की ज्या घरात सीताफळ खाल्लं जाईल, त्या घरानं बिया धुऊन तिच्या सुपात आणून टाकायच्या. कुणाच्या दारात बी पडलेलं दिसलं की म्हातारी त्या दारात उभी राहून अशा शिव्या द्यायची की पुढच्या वेळी माणूस बी गिळायचा, पण फेकायचा नाही. पावसाच्या तोंडावर बायांनी गायरानात चर खणले आणि चरांच्या काठानं त्या बिया टोकल्या. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, त्यामुळे राखणीचा प्रश्न नव्हता. चरांत पाणी मुरलं, पायथ्याची आटलेली विहीर उन्हाळाभर तग धरू लागली आणि चार-पाच वर्षांत बोडख्याला फळं लागली.

त्या फळांच्या जोरावर केसरबाईनं मागच्या साली एक मोठी गोष्ट केली. ती ऊसतोडीला गेली नाही.

ही गोष्ट मोठी का, ते कळायला ऊसतोडीचा हिशेब कळायला हवा. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवते, आणि मुकादमाच्या तोंडी दोघांचं नाव एकच, तेही नवऱ्याचं. दोघांतलं एक माणूस कमी पडलं की उरलेल्याला म्हणतात अर्धा कोयता. केसरबाई लग्न करून आली त्या सालापासून हणमंताच्या कोयत्यातली निम्मी होती. तिची लेक राजनंदिनी फडातल्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत जन्मली आणि पाचटावर रांगली. आता ती दहावीत होती. वयात आलेली पोरगी फडावर कुठं सांभाळायची, म्हणून या भागात पोरींची लग्नं घाईनं उरकतात आणि पुढच्या हंगामाला त्या कुणाच्या तरी कोयत्यातल्या निम्म्या होतात. केसरबाईला ते आपल्या पोरीचं होऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी घराला कुलूप लागता कामा नये, आणि कुलूप लागू नये म्हणून बोडखा जागेवर हवा. तिचं सगळं गणित एवढंच होतं.

आणि नेमकं त्याच बोडख्याखाली गॅस निघाला.

उन्हाळ्यात सर्वेवाले आले. त्यांनी डोंगरावर तारा अंथरल्या, जमिनीला हादरे दिले, जागोजागी गुलाबी झेंड्या रोवल्या आणि गेले. मग कंपनीचा साहेब आला. खडकाखाली खोल गॅस आहे, म्हणाला. बोडख्याचा खांदा सपाट करावा लागेल, तिथं यंत्र उभं राहील, घाण पाण्याचे हौद होतील, भोवती तारेचं कुंपण पडेल. बदल्यात डांबरी सडक, शाळेला खोल्या आणि गावातल्या माणसांना कामं. यंत्र चढेल अशी वाट त्या खांद्यावरच होती, आणि सीताफळंही सगळ्यांत दाट तिथंच होती.

आता कुणी म्हणेल, यात विचार करण्यासारखं काय आहे, सरळ नाही म्हणायचं. असं म्हणणाऱ्यानं एक पावसाळा काळदऱ्यात काढून दाखवावा. चिखल झाला की एसटी फाट्यावरूनच तोंड फिरवते. सडकेच्या नावानं तोंडाला पाणी सुटलेली माणसं काही लोभी नव्हती, त्यांचे पाय थकले होते.

त्यातलाच एक हणमंत. बायको घरी राहिली म्हणून मागचा अख्खा हंगाम त्यानं अर्धा कोयता म्हणून काढला होता. टोळीतले रोज विचारायचे, "हणमंता, तुझा दुसरा अर्धा कुटं इसरलास बे?" तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याच्या काळजाला लागलं होतं. कंपनीनं त्याला वॉचमनची नोकरी कबूल केली. निळा ड्रेस, शिट्टी आणि बाराही महिने गाव.

"तुला हेच पायजे होतं ना? ऊस सुटावा," तो सकाळी चुलीपुढे बसून म्हणाला. "मग सुटायलाय की. आता का तोंड वाकडं?"

"कंपनी किती वर्सं ऱ्हानार हाय?" भाकरी थापता थापता केसरबाईनं विचारलं.

"धा-पंदरा वर्सं. सायबच म्हनला."

"आन् मग?"

"मगचं मग."

"झाडं आत्ता कुटं लागायली, आन् तुमी ती तोडायला निघालाव."

"झाडं परत लावता येतेत."

"खडकाला भोक पाडल्यावर हिरीचं पानी परत लावता येतंय का?"

उत्तर सुचलं नाही की हणमंत टोपी घालतो. त्यानं टोपी घातली आणि चहा तसाच टाकून बाहेर पडला. केसरबाईला राग आला, आणि रागाच्या खाली त्याची कीवही आली. निळ्या ड्रेसमध्ये तो दिसला चांगला असता, हे तिला नाकारता येत नव्हतं.

दोन ऑक्टोबरला मारुतीच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ऊसतोडीला निघायचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे गाव भरलेलं होतं, आणि टोळी भरायच्या लगबगीत असलेला गावचाच बंकट मुकादमही हजर होता. पुढे सतरंजीवर पुरुष, मागे जमिनीवर बाया. खुर्च्यांवर सरपंच राजेश्वरआप्पा, कंपनीचा साहेब आणि ग्रामसेविका वर्षाराणी. ही बाई आष्टीहून महिन्याभरापूर्वीच बदलून आली होती आणि गावातली तोंडं तिला अजून ओळखू येत नव्हती.

साहेब नीट बोलला. माणूस वाईट नव्हता. मागून केसरबाईनं उठून विचारलं, "गॅस सरला की आमचा डोंगर माघारी कसा देनार?"

"सगळं बुजवून, वर माती टाकून देऊ."

"झाड येईल?"

"गवत येईल," साहेब खरं तेच बोलला.

मग आप्पांनी हात वर करायला सांगितले. आधी कंपनीच्या बाजूचे, मग डोंगराच्या बाजूचे. पुढून मागून हातांचं रान उठलं. मोजता मोजता वर्षाराणीचा आकडा चुकला, तेव्हा आप्पा म्हणाले, "बंकटराव, तुमीच मोजा. मोजायची सवय तुमच्याइतकी कुनाला हाय?"

बंकट उठला. आप्पांनी पुन्हा एकेका बाजूचे हात वर करायला लावले, आणि दोन बोटं पुढे करून, ओठ हलवत त्यानं मोजलं. हंगामाच्या तोंडावर ट्रकपाशी उभा राहून तो मोजतो, अगदी तसंच.

"कंपनीकडनं छत्तीस. डोंगराकडनं एकवीस."

सतरंजीवर टाळ्या पडल्या. हणमंतानंही वाजवल्या. साहेबानं घाम पुसला, आणि आप्पा वर्षाराणीला म्हणाले, "लिहून घ्या, मॅडम."

केसरबाईचा हात अजून वरच होता. तिनं आजूबाजूला पाहिलं. बायांचे हात अजून पुरते खाली आले नव्हते, आणि नुसते तेवढेच एकविसापेक्षा कितीतरी जास्त होते. तिचा संताप झाला.

"मुकादम, माझा हात मोजनीत धरला का?"

"धरलाय की, हणमंताचा."

"त्येंचा न्हाई इचारला. माझा."

"अगं बाई, हणमंत तकडं धरलाय," बंकट समजावणीच्या सुरात म्हणाला. "एक कोयता दोनदा कसा मोजू?"

पुरुष हसले. पण हसू मधेच विरलं, कारण मागे एकही बाई हसली नव्हती. बंकटानं हे कपटानं केलं नव्हतं, हे सांगायला हवं. उभा जन्म त्यानं असंच मोजलं होतं. त्याच्या जागी गावातला दुसरा कुणी असता तरी त्यानं असंच मोजलं असतं, आणि केसरबाईचा हात खाली असता तर तिच्याही ध्यानात आलं नसतं.

"कोयता फडात मोजा," केसरबाई म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "फडात मोळी म्या उचलली, नाव त्येंचं लागलं. म्या कदी काई बोलले न्हाई. ह्यो फड न्हाई, मुकादम. हितं मी मजूर न्हाई, हितं मी गाव हाय."

"कावून तंटा करायलीस, केसरबाई?" आप्पा म्हणाले. "नवरा-बायकोचं एकच मत असतंय."

"एकच असतं तर त्येंचा हात तकडं आन् माझा हिकडं कसा गेला, आप्पा?"

यावर आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. वर्षाराणी मात्र उठून उभी राहिली होती. "ही मोजणी धरता येणार नाही," ती म्हणाली. "मतदार यादीतलं प्रत्येक माणूस वेगळं. पुन्हा हात वर करा."

"हात नको, मॅडम," केसरबाई म्हणाली. "हातावरनं मानूस वळकू येत न्हाई. उटून उभं ऱ्हावं. कंपनीवाल्यांनी पिंपळाखाली जावं, डोंगरवाल्यांनी हापशापाशी. मग मोजा."

बोलून गेली खरी, आणि मग तिची नजर हापशाकडे गेली. हात पदराआड वर करता येतो, पाय पदराआड चालत नाहीत. हापसा पटांगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. नवरा, सासरा, दीर, भावकी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकेका बाईला उघड्या पटांगणातून तिथवर चालत जावं लागणार होतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला वाटलं.

पुरुष उठले आणि पिंपळाखाली जमू लागले. हणमंत गेला. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, पण थांबला नाही.

केसरबाई निघाली. पदर खोचला आणि चालू लागली. पटांगण रोजचंच, पोरं जिथं विटीदांडू खेळतात ते, पण आज ते संपेना. हापशाला हात लावून ती वळली, तर मागे कुणीच नव्हतं. बाया खाली माना घालून बसलेल्या. पिंपळाखाली कुणीतरी खोकलं. तेवढ्या वेळात केसरबाईला घराच्या दाराला लागलेलं कुलूप दिसलं, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणारी राजनंदिनी दिसली.

मग काठीचा आवाज आला.

"थांबा रं मुडद्यानो, मी पोचल्याबिगर मोजू नका," दगडाबाई उठत ओरडली. "माझ्या एकेका बीला म्या शिव्या दिल्यात, फुकट जाऊ देते काय?" कंबरेत वाकलेली ती म्हातारी काठी टेकत निघाली. कुणी हात धरायला गेलं, त्यालाही तिनं काठी दाखवली.

ती अर्ध्यावर पोचली असेल, तोच बायांमधून आणखी एकजण उठली आणि सगळं पटांगण चाट पडलं. ती बंकट मुकादमाची बायको रुक्मिणीबाई होती.

"अगं, तू कुटं निघालीस?" बंकटाच्या तोंडून निघालं.

"हापशाला," रुक्मिणीबाई चालता चालता म्हणाली. "मोजनार तुमीच हाव ना? मला सोडून मोजलं, तर जेवायला कुटं जायचं तेबी मोजून ठिवा."

आधी बाया हसल्या, मग पुरुषांना आवरेना, शेवटी आप्पासुद्धा हसले. त्या हसण्यात भीतीचा बांध फुटला. बाया उठल्या. एकटीदुकटी नाही, ओळीच्या ओळी उठल्या. लेकुरवाळ्या उठल्या, नव्या सुना सासवांचा हात धरून उठल्या, आणि सासवांनी तो झिडकारला नाही. पिंपळाखालचे काही गडीही चुळबुळ करत निसटले आणि मान खाली घालून हापशाकडे आले. त्यांना कुणी काही बोललं नाही, बायांनी सरकून जागा दिली.

पिंपळाखाली बंकटानं हणमंताला कोपरानं ढोसलं. "हणमंता, तुझा अर्धा कोयता तकडं पळाला की बे."

हेच वाक्य हणमंतानं अख्खा हंगाम ऐकलं होतं आणि दर वेळी हसून सोडलं होतं. या वेळी तो हसला नाही.

"अर्धा कुनाला म्हनतोस बे?" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की हापशापर्यंत ऐकू गेलं. "आख्खी हाय ती. नीट मोज."

एवढं बोलून तो पिंपळाखालीच उभा राहिला. त्याचं मत कंपनीला होतं आणि त्यानं ते बदललं नाही. तो धावत तिच्या बाजूला आला असता तरी केसरबाईला एवढं बरं वाटलं नसतं.

वर्षाराणीनं स्वतः फिरून मोजलं, बोट लावून, प्रत्येकाला नाव विचारून. खरं तर मोजायची गरजच नव्हती. पिंपळाखाली सावली मोकळी पडली होती आणि हापशापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. बोडखा गायरान म्हणूनच राहील, डोंगर कंपनीला द्यायचा नाही, असा ठराव झाला. आप्पांनी तो स्वतः वाचून दाखवला, आणि वाचताना त्यांचा आवाज जरा चढलाच. त्यांची बाजू पडली म्हणा, पण माणूस गावाचाच.

साहेबानं नकाशा गुंडाळला. "गावाची संमती नसेल तर आम्ही दुसरी जागा बघू," तो म्हणाला आणि जीपकडे वळला. तेवढ्यात दगडाबाईनं त्याला अडवलं आणि डोळा उघडलेलं, पिकून मऊ झालेलं सीताफळ त्याच्या हातावर ठेवलं.

"उपाशी जाऊ नका. खावा. पर बिया हितं द्यायच्या."

कंपनीचा साहेब जीपला टेकून उभ्या उभ्या सीताफळ खाऊ लागला आणि एकेक बी काढून म्हातारीच्या ओंजळीत टाकू लागला. अख्खं गाव बघत होतं. शेवटची बी दिल्यावर तो म्हणाला, "गोड आहे हो." दगडाबाई म्हणाली, "म्हनून तर."

मग हलगी निघाली. कुणी आणली ते कळलं नाही, पण ती कडाडली आणि बाया घराकडे न जाता सरळ डोंगर चढल्या. सर्वेवाल्यांच्या गुलाबी झेंड्या उपटत, नाचत, एकमेकींना ढकलत त्या खांद्यावर पोचल्या. राजनंदिनीनं एक झेंडी वेणीत खोवली. केसरबाई नाचली. लग्नातसुद्धा ती नाचली नव्हती, त्या दिवशी नाचली, आणि पायाला मुरूम टोचतोय हे तिला घरी आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळं उतरवत होती. बीडच्या बाजाराची गाडी यायची होती. मागून पाचोळा वाजला. हणमंत रिकामे क्रेट डोक्यावर घेऊन आला होता. निळ्या ड्रेसचं स्वप्न एका रात्रीत जात नसतं, त्याचं तोंड अजून उतरलेलंच होतं.

"कंपनीचा मानूस हितं कसा?" तिनं फांदीआडून विचारलं.

"ठराव झालाय ना गावाचा? मग गाव म्हनून आलोय," तो म्हणाला आणि क्रेट खाली ठेवून फळं भरू लागला. कच्ची-पक्की वेगळी कशी करायची ते त्याला माहीत नव्हतं. तिनं दाखवलं. तो तशी वेगळी करू लागला.

तेवढ्यात धापा टाकत बंकट मुकादम चढून आला. आदल्या रात्री त्याला जेवायला मिळालं की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"हणमंता, टोळी भरायलोय," तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "औंदा तुझा कोयता आख्खा धरू का अर्धा?"

हणमंतानं हातातलं फळ क्रेटमध्ये ठेवलं. "मला एकट्याला कावून इचारायलास? हितं दोन मानसं हायेत. येगयेगळं इचार."

बंकटानं डोकं खाजवलं. मग तो वळला, केसरबाईकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या नावानं आणि मानानं त्यानं तिला विचारलं, "केसरबाई, तुमी येता का हो तोडीला?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं कित्येक वर्षं मनात घोळवलं होतं. फडात, ट्रकच्या फळीवर, पाचटाच्या कोपीत. त्यात लांबलचक बोलणं होतं, शिव्या होत्या, रडणंही होतं. त्यातलं काही लागलं नाही.

"न्हाई येत," ती म्हणाली.

बंकटानं मान डोलावली आणि हणमंताकडे वळला. "आन् तू?"

हणमंतानं सवयीनं बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" केसरबाई म्हणाली. "तुमचं तुमी सांगा."

हणमंतानं एकदा खाली पाहिलं. पायथ्याला विहिरीचं पाणी चमकत होतं, पलीकडे त्याच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि राजनंदिनी दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागली होती. मग त्यानं टोपी काढली.

"मीबी न्हाई येत बे," तो म्हणाला. "ही फळं उतरवायचीत अजून."

केसरबाई हसली. ती एवढ्या मोठ्यानं हसली की खालच्या चरात वाकलेली दगडाबाई दचकली आणि तिथूनच ओरडली, "हसायलीस काय गं? त्या मुकादमाला एक फळ दे. आन् बिया माघारी घे!"